साडेतीनशेची टाकी

"बाई, आता तुम्हीच सांगा. अडीचशे की साडेतीनशे?"

दीनानाथ वर्तकांच्या दोन हातांत दोन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्या होत्या. एक साबणाच्या डबीपेक्षा थोडी मोठी, दुसरी तिच्याहून बोटभर उंच. विमानाच्या इंधनाच्या टाक्या. विमान म्हणजे छंदाचं, दीड मीटर पंखांचं, जमिनीवर उभं राहून हातातल्या रेडिओच्या डब्यावरून चालवायचं. एका टाकीत अडीचशे मिलिलिटर इंधन मावायचं, दुसरीत साडेतीनशे. चाळीस वर्षं मी रंगभूमीवर काढली. या काळात लोकांनी मला साड्यांबद्दल विचारलं, सांगून आलेल्या स्थळांबद्दल विचारलं, एका निर्मात्याने तर नाटक चालू ठेवू की बंद करू हेही विचारलं. टाकीचं माप कोणी विचारलं नव्हतं.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणून तर विचारतोय. ज्यांना कळतं ते सगळे एकच उत्तर देतात."

"मग ते ऐका की."

वर्तक हसले नाहीत. दोन्ही टाक्या त्यांनी तळघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बघत उभे राहिले.

ही गोष्ट २००७च्या ऑगस्टअखेरची. तीन महिन्यांसाठी मी जर्मनीत, एर्लांगेनला अनिमेषकडे, माझ्या मुलाकडे, आले होते. तो आणि सूनबाई सकाळी आठला सायकली काढून जात. नात उर्जा सात वर्षांची. मी मराठीत बोलायची, ती सगळं समजून जर्मनमध्ये उत्तर द्यायची आणि मैत्रिणीकडे पळायची. मग घर माझं. दुपारी एक ते तीन तिथे सगळे आवाज बंद. गवत कापायचं नाही, हातोडा मारायचा नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, गल्लीत कोणी गेलं की काय. तीन वाजले की मी पायात बूट चढवून तळ्यांच्या कडेने, वस्ती संपून शेतं लागतात तिथपर्यंत चालत जायची.

तिथे एका बुधवारी सात-आठ म्हातारे पुरुष गवताच्या पट्टीवर ओळीने उभे दिसले. प्रत्येकाच्या पायाशी एक विमान. कोणी बोलत नव्हतं, सगळे घड्याळाकडे बघत होते. तिसऱ्या घंटेआधी विंगेत उभी असलेली मंडळी अशीच दिसतात. तीन वाजले आणि सगळ्या इंजिनांनी एकदम किंकाळी फोडली. पाठोपाठ एरंडेलाचा वास आला. पासष्ट वर्षांपूर्वी आईने नाक दाबून पाजलेलं ते एरंडेल जर्मनीच्या शेतात माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. नंतर कळलं, त्या इंधनात एरंडेलच असतं, इंजिनाच्या वंगणासाठी.

त्या ओळीत एक काळासावळा, उंच, टोपी घातलेला माणूस होता. त्याचं विमान खाली यायला लागलं, एकदम नाक खाली घालून झुकलं, आणि तो ओरडला, "अगं बये, सरळ हो!"

मी मागून म्हटलं, "अहो, ती ऐकायची नाही. माझी सूनही ऐकत नाही."

त्या माणसाने मागे वळून माझ्याकडे जे बघितलं, तसं बघणं मला एकदाच मिळालं होतं, नागपूरला, पहिल्या प्रवेशाच्या टाळीनंतर.

असे वर्तक मला भेटले.

वर्तक मूळचे मिरजेचे. १९६७ साली सव्विसाव्या वर्षी इथे नोकरीवर आले. क्ष-किरण यंत्रं जोडायच्या कामावर लागले आणि त्याच कामावरून निवृत्त झाले. बायको मधू, लग्न करून दोन वर्षांनी आणलेली. माणसं जोडायचं खातं तिचं. दिवाळीला तीस पानं उठायची घरात, शेजारच्या जर्मन बायका करंज्या तळायला यायच्या. २००१ साली ती गेली, आणि तिच्याबरोबर ती तीसही पानं गेली. एक मुलगी, हाम्बुर्गला. दर रविवारी अकराला तिचा फोन. दहा मिनिटं, जर्मनमध्ये.

"वाईट नाही हो ती," वर्तक म्हणाले. "वेळेवर करते फोन."

त्यांचं मराठी कपाटात ठेवलेल्या जुन्या कोटासारखं होतं, घडी न मोडलेलं. 'चित्रपटगृह' म्हणायचे. मधूनच 'गेनाऊ' आणि 'आल्झो', म्हणजे 'बरोबर' आणि 'तर मग', असे जर्मन शब्द यायचे, तेवढेच.

मधू गेल्यावर तीन वर्षांनी त्यांनी हे विमान घेतलं. शिकाऊ माणसासाठी असतं तसलं, वर पंख, सावकाश उडणारं, चुका पोटात घालणारं. क्लबात नाव घातलं. क्लबाचा नियम असा, की शिकाऊ माणसाने एकट्याने उडवायचं नाही. शेजारी शिक्षक उभा राहतो, त्याच्याही हातात रेडिओचा डबा असतो आणि दोन्ही डब्यांना जोडणारी एक काळी केबल असते, दीडेक मीटरची. शिक्षकाने बटण दाबून धरलं की विमान शिष्याच्या हाती. सोडलं की शिक्षकाच्या हाती. वर्तकांचे शिक्षक हेर, म्हणजे श्रीयुत, केसलर. सहासष्ट वर्षांचे, अमेरिकन छावणीत इलेक्ट्रिशियन होते, त्यामुळे इंग्रजी येत असे. बायको नाही, मुलं नाहीत. बोलणं मोजकं.

चौथा उन्हाळा चालू होता. दर बुधवारी, तीन ते पाच. दोघं त्या केबलच्या दोन टोकांना उभे राहत आणि आकाशाकडे बघत. "वाऱ्याकडे लक्ष द्या." "हो." "थोडं वर." "हो." संपलं. वर्तकांच्या सबंध आठवड्यात कोणाशी समोरासमोर झालेलं बोलणं एवढंच असायचं. हे त्यांनी मला सांगितलं नाही. मी त्यांच्याबरोबर तीन बुधवार उभी राहिले आणि मला कळलं.

आता टाकीचं. ती विमानाच्या नाकात, इंजिनाच्या मागे बसते. आत एक मऊ नळी, तिच्या टोकाला वजन. विमान कसंही कललं तरी ते वजन इंधन असेल तिकडे पडतं आणि नळीचं तोंड बुडलेलं राहतं. मला ती युक्ती फार आवडली. त्यांच्या इंजिनाला अडीचशेची टाकी बेताची. बारा मिनिटं पुरते, आणि नवव्या-दहाव्या मिनिटाला उतरवायला घेतलं की नाक हलकं झालेलं असतं, विमान सरळ येतं. साडेतीनशेची मोठी. अठरा मिनिटं वर राहता येतं. पण नाक जड राहतं, आणि टाकी उंच असल्यामुळे भरलेली असताना इंजिनाला जास्त इंधन जातं, नंतर कमी. उतरताना विमान हाताला वेगळंच लागतं. केसलर पहिल्या वर्षापासून सांगत होते, अडीचशेची लावा. वर्तक हो हो म्हणायचे. विमानात साडेतीनशेचीच होती.

त्या वर्षी क्लबाच्या कमिटीने पत्र पाठवलं. शिकण्याची मुदत संपत आली. बावीस सप्टेंबरला परीक्षा, तीन वेळा स्वतःच्या हाताने उतरवून दाखवायचं. पास झालात की केबल सुटली, एकटे उडवा, आणि शिक्षकाचा बुधवार पुढच्या शिष्याला. किंवा शिक्षकाने लिहून द्यायचं, की अजून तयारी नाही, एक वर्ष वाढवा.

"तर अडीचशे लावली की तुम्ही पास," मी त्या तळघरात म्हटलं.

"होईन बहुतेक."

"आणि साडेतीनशे ठेवली की केसलरसाहेब लिहून देतील, आणखी एक वर्ष."

"देतील बहुतेक."

"मग विचारताय काय मला?"

ते टाकीवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिले. मग म्हणाले, "चहा घेऊ या."

वर स्वयंपाकघरात गेलो. टेबलावर दोन कप पालथे ठेवलेले, बेकरीतला अर्धा केक झाकलेला, पत्र्याच्या डब्यात चिवडा. शुक्रवार होता. मला वाटलं, माझ्यासाठी.

"नाही, बुधवारचंच आहे," ते म्हणाले. "दर बुधवारी आणून ठेवतो. केसलरला म्हटलेलं आहे ना, या एकदा घरी. पहिल्या वर्षीच म्हटलंय. नंतरही म्हटलंय पाच-सहा वेळा. तो 'हो, आभारी आहे' म्हणतो. येत नाही."

"मग केकचं काय होतं?"

"शनिवारपर्यंत पुरतो."

मी केक खाल्ला. कोरडा झाला होता. दोन तुकडे खाल्ले.

पुढच्या बुधवारी मी वर्तकांच्या विमानाकडे न बघता वर्तकांकडे बघितलं. माझं आयुष्य दुसऱ्यांचे हात, खांदे, मान बघण्यात गेलं आहे. ते सफाईने वर गेले, सफाईने वळले. मग उतरायची वेळ आली, विमान मैदानाच्या कडेला एकट्या उभ्या बर्चच्या झाडापाशी आलं, त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून केसलरकडे बघितलं, आणि विमानाचं नाक खाली गेलं. "घ्या, घ्या!" वर्तक ओरडले. केसलरनी बटण सोडलं, स्वतः उतरवलं. दुसऱ्या खेपेला तेच. बर्च, नजर, नाक, "घ्या!" खरोखर अडखळणारा माणूस दर प्रयोगाला त्याच वाक्यावर अडखळत नसतो.

वर्तक गाडीतून इंधनाचा कॅन आणायला गेले, तेव्हा केसलर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. केबल बोटाभोवती गुंडाळत होते.

"तुमचे मित्र इंजिनिअर आहेत," ते इंग्रजीत म्हणाले. "हात चांगले आहेत. मी दोन वर्षांत सोळा वर्षांच्या पोरांना शिकवलंय, ऐंशीच्या एकाला शिकवलंय. यांना येत नाही, याचा अर्थ मलाच शिकवता येत नाही आता. कमिटीला तसं सांगणार आहे. हे वर्ष झालं की मी शिकवणं सोडतो."

मी गाडीकडे बघितलं, वर्तक अजून कॅन शोधत होते.

"आणि ते मला घरी बोलावतात," केसलर पुढे म्हणाले. "नेहमी म्हणतात, या. कधी ते सांगत नाहीत. सभ्य माणूस आहे, म्हणायचं म्हणून म्हणतात. मी समजतो."

त्या संध्याकाळी मी वर्तकांच्या गाडीतून घरी आले. अनिमेषच्या दारासमोर गाडी थांबली तरी मी उतरले नाही.

"वर्तक, तुम्हाला एक सांगते. आमच्या कंपनीत यशवंतराव म्हणून नायक होते. पाठांतर इतकं चोख की दुसऱ्यांचीही वाक्यं पाठ. पण तिसऱ्या अंकात एका वाक्याला हटकून थांबायचे. विंगेतून विष्णू, आमचा प्रॉम्प्टर, हळूच शब्द द्यायचा, की पुढे. पाच वर्षं. मग एकदा सोलापूरच्या मुक्कामात विष्णूने कंपनी सोडली. म्हणाला, माझा आवाज आता पोचत नाही, यशवंतरावांची दर वेळी अडचण होते. यशवंतराव रंगपटात बसून रडले. त्यांना शब्द नको होता हो. अंधारात कोणीतरी आहे, एवढंच ऐकायचं होतं."

वर्तक स्टिअरिंगकडे बघत होते. "हे मला कशाला सांगताय?"

"बर्चचं झाड म्हणून."

ते लाल झाले. "तुम्ही नाटकवाले. सगळीकडे नाटकच दिसतं तुम्हाला."

"दिसतं. केसलर शिकवणं सोडतायत. तुम्हाला येत नाही म्हणजे त्यांना शिकवता येत नाही, म्हणतात."

वर्तकांनी गाडीचं इंजिन बंद केलं. गाडीत एरंडेलाचा वास कोंडला होता.

"हे त्याने सांगितलं?"

"त्यांनी. आणि घरी बोलावताना तुम्ही दिवस-वेळ सांगत नाही, म्हणून तुम्ही नुसतं म्हणायचं म्हणून म्हणता, असं त्यांना वाटतं."

"दिवस-वेळ?" वर्तक एकदम माझ्याकडे वळले. "बाई, चाळीस वर्षं काढली मी इथे. दाताच्या डॉक्टरला तारीख, केस कापायला तारीख, मान्य. पण घरी यायला? घरी या म्हटलं की माणूस येतो! कोर्ट आहे का माझं घर?"

"मधूताई काय करायच्या?"

ते पुन्हा स्टिअरिंगकडे वळले. मग हळू आवाजात म्हणाले, "ते सगळं तीच बघायची. काय करायची, मी कधी बघितलंच नाही."

ते माझ्यावर रागावले. पुढचे दोन बुधवार मला न्यायला आले नाहीत. मी चालत गेले तेव्हा मैदानात नुसते मान हलवून ओळख दिली. विमानात साडेतीनशेच होती, बर्चही तिथेच होता. मी बांधावर बसून स्वतःला बोल लावला. परक्या माणसाच्या आयुष्यात न बोलावता प्रवेश घ्यायची खोड जात नाही माझी.

बावीस सप्टेंबरला, शनिवारी, दाराची घंटा वाजली. वर्तक, इस्त्रीचा शर्ट, टोपी हातात.

"येताय ना? का पाय दुखतायत?"

मैदानात कमिटीचे तिघं फळीवर कागद लावून उभे होते. केसलर बाजूला. केबल त्यांच्या खिशात होती, टोक बाहेर आलं होतं. वर्तकांनी विमान टेबलावर ठेवलं आणि पंख काढून टाकी केसलरना दाखवली. अडीचशेची, स्पंजात नीट गुंडाळलेली. केसलरनी बघितलं, बोटाने दाबून बघितलं.

पहिल्या खेपेला विमान बर्चच्या पुढून, रेघ मारावी तसं आलं आणि गवतावर टेकलं. दुसऱ्या खेपेला तसंच. कमिटीतला एकजण दुसऱ्याशी काहीतरी बोलला. केसलर हलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मी बघितला. सगळ्या नाट्यगृहाने ऐकलं असतं, इतका तो चेहरा बोलत होता.

तिसऱ्या खेपेला विमान वर गेलं आणि वरच राहिलं. वर्तकांच्या गळ्यातलं घड्याळ नवव्या मिनिटाला वाजलं, उतरवा म्हणून. त्यांनी ते बंद केलं. आणखी एक फेरी घेतली. मक्याच्या शेतावरून, तळ्यावरून, लांब वळून. आणखी एक. कमिटीने घड्याळ बघितलं. मी वर्तकांना बघत होते. तो शेवटचा प्रवेश होता, शेजारी केसलर उभे होते, आणि माणसाला रंगमंचावरून आत जायचं नव्हतं. ते मला कळत होतं, मीही कितीदा पडद्याची दोरी ओढणाऱ्याकडे त्या डोळ्यांनी बघितलं आहे.

बाराव्या मिनिटाला इंजिन बंद पडलं. टाकी संपली. आकाशात एकदम शांत झालं.

कोणीतरी "अरे" अशा अर्थाचं काही म्हणालं. केसलरांचा हात खिशातल्या केबलकडे गेला आणि तिथेच थांबला. वर्तक काही ओरडले नाहीत. विमान नुसतं हवेवर, पंखांवर बसून, मोठं वळण घेत आलं, बर्चला वळसा घातला, आणि त्यांच्या पायापासून चार पावलांवर टेकलं. गवताची सळसळ तेवढी ऐकू आली.

"श्योन," केसलर म्हणाले. सुंदर. एकच शब्द.

सह्या झाल्या. हात मिळवले. केसलरनी केबल खिशातून काढून नीट गोल केली, रबर लावलं आणि आपल्या पेटीत ठेवली. पुढच्या बुधवारपासून कोणी फ्राऊ, म्हणजे बाई, शिकायला येणार होत्या. म्हणजे त्यांनी शिकवणं सोडलं नव्हतं. वर्तक ती पेटी बंद होताना बघत होते. मग त्यांनी टोपी काढली, शाळेतल्या पोराने कविता म्हणावी तसे उभे राहिले, आणि म्हणाले, "हेर केसलर. माझ्याकडे कॉफीला या. दिवस आणि वेळ. तुम्ही सांगाल ती."

केसलरनी आतल्या खिशातून छोटी डायरी काढली. पानं उलटली. ऑक्टोबरात कंबरेच्या उपचारासाठी तीन आठवडे आरोग्यधामात. मग बहिणीकडे. मग क्लबाची साफसफाई. "चौदा नोव्हेंबर," ते म्हणाले. "बुधवार. चार वाजता." पेन्सिलने लिहिलं, मोठ्याने परत वाचलं, डायरी मिटली.

जवळजवळ दोन महिने! गाडीत बसल्यावर मला हसू आवरेना. वर्तक म्हणाले, "हसू नका बाई. लिहून घेतलंय त्याने." आणि थोड्या वेळाने, "मधले बुधवार मात्र लांब जाणार."

सत्तावीसला मी निघाले. त्यांनी चिवड्याची पुडी दिली. पुण्याहून नेतात तो चिवडा मी पुण्याला परत आणला.

चौदा नोव्हेंबरला रात्रीचे साडेआठ वाजले, तेव्हा मी टीव्ही बंद करून बसले होते. तिथे चार. आता घंटा वाजली असेल. किंवा नसेल. फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

"आला होता," वर्तक म्हणाले. "चारला दहा कमी असतानाच त्याची गाडी समोर येऊन थांबली. तो आतच बसून राहिला. मी पडद्याआडून बघत होतो. म्हटलं, जावं का खाली? पण वेळ चारची ठरली होती."

"दहा मिनिटं? दोघं?"

"दहा मिनिटं. बरोबर चारला घंटा वाजवली."

"मग काय बोललात?"

"फार नाही. केक खाल्ला. चिवडा तिखट लागला त्याला." फोनवर खरखर झाली. "सांगून टाकलं मी. टाकीचं. की दुसऱ्या वर्षापासून मला उतरवता येत होतं."

"काय म्हणाले?"

"बराच वेळ काहीच नाही. कपात बघत बसला. मला वाटलं, उठून जातो आता. कोट मागेल. मग त्याने खिशात हात घातला."

"आणि?"

"डायरी काढली. नऊ जानेवारी. चार वाजता. त्याच्या घरी."

फोन ठेवल्यावर मी उठले. नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं होतं, अजून भिंतीवर लावलं नव्हतं. ते उलगडलं, जानेवारीचं पान काढलं आणि नऊ तारखेला लिहून ठेवलं: रात्री साडेआठ.